यादी पाठ करून 'गिव्ह अप' कळत नाही

"इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बना काही तर्क नसतो, ती पाठच करायची असतात." हे वाक्य मी शाळेत ऐकलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी 'सॉफ्ट स्किल्स'च्या तासाला ऐकलं. आता लिथुआनियातल्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकतो. शिकवणारे बदलले, देश बदलला, वाक्य तेच.

माझ्या मते हे वाक्य चूक आहे. मराठी माणसाला ते सांगणं चूक आहेच, पण लिथुआनियन माणसाला सांगणं म्हणजे माशाला पोहण्याचे नियम पाठ करायला देणं आहे. 'लिथुआनियन भाषकांसाठी एक हजार फ्रेजल व्हर्ब' छापाच्या याद्या नेमकं हेच करतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ, खाली रिकाम्या जागा भरा. ज्या भाषेत ही सगळी यंत्रणा आधीपासून धडधडत चालू आहे, त्या भाषेच्या माणसाला 'तुला हे येत नाही' असं पटवून देण्याचा हा उद्योग आहे. त्याविरुद्ध हा लेख.

माझा याच्याशी संबंध एवढाच, की मी पुण्यात बसून ज्या टीममध्ये काम करतो तिचे अर्धे लोक व्हिल्नियसमध्ये बसतात. चार वर्षं रोज बोलणं झाल्यावर त्यांची भाषा काय प्रकार आहे हे बघावंसं वाटलं आणि संध्याकाळी थोडी थोडी शिकत गेलो. 'लिथुआनियाच्या शेतकऱ्याला संस्कृत समजतं' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. तो खोटा आहे. त्या शेतकऱ्याला संस्कृत तितकंच समजतं जितकं सदाशिव पेठेला लिथुआनियन. पण दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, आणि लिथुआनियन भाषेने जुनी ठेवण बरीच जपलेली, हे मात्र खरं. दातांना 'दान्तिस', धुराला 'दूमस', लांडग्याला 'विल्कस' म्हणजे आपला 'वृक'. हे साम्य पुढे एका मुद्द्यासाठी कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

त्यांच्या घरात काय आहे

शाळेत आपण उपसर्ग शिकलो. हार, प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. धातू एकच, पुढचा तुकडा बदलला की अर्थ कुठल्या कुठे. आपल्यासाठी हे तयार शब्द आहेत. 'विहार'मधला 'वि' सुटा काढून आपण दुसऱ्या क्रियापदाला रोज लावत नाही. लिथुआनियन माणूस लावतो, दिवसभर लावतो. त्याच्याकडे असे साधारण बारा उपसर्ग आहेत आणि भाषेतली बहुतेक क्रियापदं त्यांच्या जोरावर चालतात.

'रशीती' म्हणजे लिहिणे. (उपसर्ग दिसावेत म्हणून मी मध्ये आडवी रेघ देतो, मूळ लेखनात ती नसते.) 'उझ-रशीती' म्हणजे टिपून घेणे, इंग्रजीतलं 'राइट डाउन'. 'अत-रशीती' म्हणजे उलट लिहिणे, 'राइट बॅक'. 'इश-रशीती' म्हणजे लिहून बाहेर देणे: डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहून देतो ते, इंग्रजीत 'राइट आउट'. 'नु-रशीती'ची गंमत आणखी. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरवरून उतरवून काढणं म्हणजे 'नु-रशीती', आणि बँकेने बुडीत कर्ज खात्यातून काढून टाकणं म्हणजेही 'नु-रशीती'. दुसऱ्या अर्थाला इंग्रजी म्हणतं 'राइट ऑफ'.

आता 'दुओती' घ्या, म्हणजे देणे. संस्कृतच्या 'दा' धातूचाच हा नातेवाईक. 'अति-दुओती' म्हणजे परत देणे, 'गिव्ह बॅक'. 'इश-दुओती' म्हणजे बाहेर देणे. सरकारी कचेरीतून पासपोर्ट मिळतो तेव्हा हेच क्रियापद वापरतात, आणि मित्राचा विश्वासघात केला, गुपित फोडलं, तरी हेच. इंग्रजीत 'गिव्ह अवे' म्हणजे वाटून टाकणे आणि गुपित फोडणेही. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकाच वाटेने विचार केला आहे: जे आत ठेवायचं ते बाहेर दिलं. 'प-सि-दुओती' म्हणजे शरण जाणे, हार मानणे; शब्दशः स्वतःला देऊन टाकणे. हेच ते 'गिव्ह अप', ज्याचा 'अप' कुठे जातो हे कळत नाही म्हणून जगभरचे विद्यार्थी रडतात.

'देती' म्हणजे ठेवणे. 'अति-देती' म्हणजे पुढे ढकलणे. 'पुट' आणि 'ऑफ' यांचं याहून सरळ भाषांतर मी करू शकत नाही. 'एइती' म्हणजे जाणे. 'अप-एइती' म्हणजे वळसा घालून जाणे आणि कायद्याला बगल देणेही, म्हणजे 'गेट अराउंड'.

आमच्या धंद्यातलं उदाहरण तर सगळ्यात स्वच्छ. 'युंग्ती' म्हणजे जोडणे. संस्कृतच्या 'युज्'चं कुळ. 'ई-युंग्ती' म्हणजे चालू करणे, 'टर्न ऑन'. 'इश-युंग्ती' म्हणजे बंद करणे, 'टर्न ऑफ'. 'पेर-युंग्ती' म्हणजे एकावरून दुसऱ्यावर नेणे, 'स्विच ओव्हर'. लिथुआनियन वेबसाइटवर 'लॉग इन'च्या बटणावर 'प्रि-सि-युंग्ती' लिहिलेलं असतं, म्हणजे 'स्वतःला जोडून घ्या', आणि 'लॉग आउट'च्या बटणावर 'अत-सि-युंग्ती', 'स्वतःला तोडून घ्या'. युरोपीय संघाला ते 'सायुंगा' म्हणतात. शब्दाची घडण अगदी आपल्या 'संयोगा'सारखी. आपण मराठीत काय केलं? 'लॉग इन करा' लिहिलं आणि घरी गेलो.

ज्या माणसाच्या भाषेत हे सगळं आहे, त्याला इंग्रजीचा 'ऑफ' परका वाटण्याचं काही कारण नाही. तो तुकडा त्याच्याकडे क्रियापदाच्या पुढे चिकटतो, इंग्रजीत मागे सुटा उभा राहतो. जागा बदलली, काम तेच. 'गिव्ह अप'मध्ये कर्म मध्येच शिरून 'गिव्ह इट अप' होतं याचंही त्याला नवल वाटायला नको, कारण त्याच्या 'प-सि-दुओती'मधला 'सि' असाच उपसर्ग आणि धातू यांच्या फटीत जाऊन बसलेला आहे. नियम एकच नाही, पण सवय ओळखीची आहे.

भाषाशास्त्रात याला नाव आहे. लेनर्ड टॅल्मीने १९८५च्या सुमाराला जगातल्या भाषांची एक ढोबळ विभागणी मांडली. काही भाषा हालचालीची दिशा क्रियापदातच सांगतात, काही ती बाजूच्या तुकड्यावर सोपवतात. या तुकड्याला त्याने 'सॅटेलाइट' म्हटलं. 'ही रॅन आउट' हे इंग्रजी. लिथुआनियनमध्ये 'इश-बेगो': पळणे क्रियापदात, बाहेर उपसर्गात. मराठीत? 'तो पळत बाहेर गेला.' आपल्याकडे मुख्य क्रियापद 'गेला' झालं आणि पळणं बिचारं 'पळत' होऊन बाजूला उभं राहिलं. इंग्रजी आणि लिथुआनियन या बाबतीत एका बाकावर बसतात, मराठी दुसऱ्या. मग तिघांना एकच पुस्तक का?

हजाराची यादी कोणाला हवी असते

परदेशी माणसाला इंग्रजीत सर्वात अवघड काय जातं, याचा अंदाज सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत केला होता. त्याचं बोट याच जोड्यांवर होतं. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव त्यानंतर १७० वर्षांनी, १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झालं. नाव मिळालं आणि मग याद्या सुरू झाल्या.

याद्यांचा हिशोब कसा आहे बघा. गार्डनर आणि डेव्हिस या दोघांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पस नावाचा दहा कोटी शब्दांचा साठा तपासला. त्यांना दिसलं, की अवघी २० क्रियापदं आणि ८ अव्ययं यांच्या जोड्यांनी फ्रेजल व्हर्बच्या एकूण वापरापैकी निम्म्याहून जास्त जागा व्यापली आहे. वीस गुणिले आठ, म्हणजे एकशे साठ चौकटींचा एक तक्ता. तो एका कागदावर मावतो. उलट त्याच अभ्यासात हेही दिसलं, की सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या शंभर जोड्यांचे मिळून साडेपाचशेहून जास्त अर्थ होतात. म्हणजे अडचण जोड्यांच्या संख्येत नाही, एकेका जोडीच्या पोटातल्या अर्थांत आहे. आणि नेमकं तेच यादी सांगू शकत नाही. यादीत एका जोडीपुढे एक अर्थ असतो, फार तर दोन. हजारच्या ऐवजी दोन हजार जोड्या छापून पुस्तक जाड होतं, विद्यार्थी शहाणा होत नाही.

प्रोग्रामिंग शिकवताना कोणी 'या हजार ओळी पाठ करा' म्हटलं तर आम्ही त्याला दारातून बाहेर काढू. भाषेच्या बाबतीत तोच माणूस पुस्तक लिहितो.

मातृभाषा विचारल्याशिवाय उत्तर नाही

यावर ठरलेलं उत्तर असतं: "हे सगळं ठीक, पण विद्यार्थी शेवटी इंग्रजीतूनच शिकतो; मातृभाषा मध्ये आणली की तो भाषांतर करत बसतो." हे तपासून बघितलेलं आहे. १९८५ साली डगट आणि लॉफर यांनी हिब्रू भाषकांचा अभ्यास केला. हिब्रूत फ्रेजल व्हर्बसारखी रचना नाही, आणि ते विद्यार्थी शक्य तिथे फ्रेजल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद निवडत होते. १९९३ साली लॉफर आणि एलियासन यांनी स्वीडिश भाषक घेतले. स्वीडिशमध्ये अशी क्रियापदं आहेत, आणि ते टाळत नव्हते. म्हणजे शिकवणाऱ्याने मातृभाषेला वर्गाबाहेर उभं केलं, तरी ती डोक्यात बसून निर्णय घेत असतेच.

पण सर्वात बोलका अभ्यास या दोघांच्या मधला, १९८९चा. हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्येही फ्रेजल व्हर्ब आहेत. तरीही काही ठिकाणी ते टाळत होते, आणि त्यातली काही त्यांच्या मातृभाषेतल्या वाक्प्रचारांशी फार जुळणारी होती. हे इतकं आपल्यासारखं आहे म्हणजे नक्की चुकणार, असा त्यांचा संशय. म्हणजे साम्य असून पुरत नाही. "हो, हे तुझंच आहे, बिनधास्त वापर" असं कोणीतरी सांगावं लागतं. लिथुआनियन विद्यार्थ्याला हे सांगणारं पुस्तक हवं आहे. त्याला यादी मिळते.

चुकलेल्या शब्दाची किंमत

हा सगळा व्याकरणाच्या हौशी लोकांचा वाद वाटत असेल तर आकडे बघा. १९८९च्या जनगणनेत लिथुआनियाची लोकसंख्या सुमारे ३६.७ लाख होती. २०२१ मध्ये ती सुमारे २८.१ लाखांवर आली. कमी जन्म हे एक कारण, आणि फार मोठं कारण म्हणजे देश सोडून गेलेली माणसं. १ मे २००४ रोजी देश युरोपीय संघात गेला, ब्रिटन आणि आयर्लंडने नव्या सदस्यांना कामाची दारं लगेच उघडली आणि माणसं निघाली. गोदामात, शेतात, बांधकामावर, वृद्धाश्रमात.

तिथे कोणतं इंग्रजी बोलतात? परीक्षेसाठी पाठ केलेले 'टॉलरेट', 'पोस्टपोन', 'एक्स्टिंग्विश' तिथे कामाला येत नाहीत. हे लॅटिन कुळातले शब्द युरोपभर फिरलेले असल्यामुळे लिथुआनियन माणसाला सोपेच जातात. 'टॉलरेट'ला त्यांच्याकडेही 'तोलेरुओती' आहे. मुकादम मात्र 'वॉच आउट' ओरडतो, 'क्लॉक इन केलंस का' विचारतो, 'नॉक ऑफ' म्हणत घरी जातो. नर्सला पेशंट 'थ्रो अप' झाल्याचं सांगतो. फ्रेजल व्हर्ब ही इंग्रजीतल्या कष्टकऱ्यांची, घरातली, घाईतली बोली आहे. पुस्तकाने तिला 'अवघड, अतार्किक, शेवटच्या धड्यात' ढकललं, की सर्वात आधी ज्याला तिची गरज आहे त्याच्याच हातात ती सर्वात उशिरा पडते.

आमचं काम एसीत बसून करायचं, तरी तिथेही सुटका नाही. दोन वर्षांपूर्वी एका कॉलवर (कंपनीचं नाव नको) वरिष्ठ साहेबांनी शांत आवाजात सांगितलं की काही लोकांना 'लेट गो' करावं लागणार आहे. व्हिल्नियसच्या एका टेस्टरने ग्रुपवर लिहिलं, "कुठे?" तिचं इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं होतं, परीक्षेतले गुणही. तिला वाटलं कुठल्या तरी दौऱ्यावर पाठवताहेत. अर्धा मिनिट कोणीच काही लिहिलं नाही. मग तिच्या शेजारच्या सहकाऱ्याने एक लिथुआनियन शब्द टाकला, 'अत-लेइस', आणि तिला कळलं. यादीत तिचंही नाव होतं.

'लेइस्ती' म्हणजे सोडणे, मोकळीक देणे, इंग्रजीतलं 'लेट'. 'अत-लेइस्ती'चे लिथुआनियनमध्ये दोन अर्थ: कामावरून काढणे आणि क्षमा करणे. इंग्रजीत 'लेट गो' म्हणजे कामावरून काढणे, 'लेट ऑफ' म्हणजे शिक्षा न करता सोडून देणे. ज्या मुलीच्या भाषेत 'लेइस्ती'पासून निघालेलं हे क्रियापद नोकरी जाण्यासाठी रोज वापरतात, तिला 'लेट गो' अनोळखी राहावं, हा तिचा दोष नाही. शाळेपासून तिच्या हातात जी पुस्तकं आली त्यांतल्या एकानेही हे दोन शब्द शेजारी ठेवले नव्हते. मराठी माणूस इथे हसत असेल तर त्याने आपल्या 'कमी केलं'कडे बघावं. 'कंपनीने त्याला कमी केलं' हे परक्या माणसाला सांगा आणि तो काय विचारतो बघा.

निषिद्ध माल

'वर्गात फक्त इंग्रजी' ही कल्पना फार जुनी आणि फार व्यापारी आहे. बर्लिट्झने १८७८ साली अमेरिकेत आपली शाळा काढली तेव्हापासून 'मातृभाषा बंद' हा त्या पद्धतीचा मोठेपणा म्हणून विकला गेला. ज्या वर्गात दहा देशांची माणसं आहेत तिथे ते समजण्यासारखं आहे. पण एकच भाषा बोलणाऱ्या तीस मुलांच्या वर्गात त्याचं समर्थन काय? माझ्या मते प्रकाशकाची सोय. एकच पुस्तक पुण्यात, व्हिल्नियसमध्ये आणि सांतियागोत खपवायचं असेल तर त्यात कुठल्याच भाषेला जागा देऊन चालत नाही.

लिथुआनियात याला आणखी एक किनार आहे. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं झारच्या राजवटीत लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी होती. पुस्तकं सीमेपलीकडे पूर्व प्रशियात छापली जात आणि माणसं ती पाठीवर बांधून, रात्री, पहारे चुकवून आत आणत. त्यांना 'क्नीगनेशीस' म्हणतात, पुस्तक वाहणारा. पकडले गेले तर तुरुंग किंवा सैबेरिया. आजच्या प्रमाण लिथुआनियन भाषेचा पाया घालणाऱ्या योनास याब्लोन्स्किसचं व्याकरणही १९०१ साली टोपणनावाने, तिल्झे या प्रशियातल्या गावी छापावं लागलं. या भाषेला इंग्रजीच्या वर्गात 'अडथळा' म्हणून बाहेर ठेवणं म्हणजे तिला पुन्हा चोरटा माल करणं आहे. कोणी तुरुंगात जात नाही हे खरं. पण मुलगा शिकतो की शहाणपणाची भाषा दुसरी आणि आपली फक्त घरातली.

आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिची चेष्टा पुष्कळ झाली. पण मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून माणसाला विचार करायला लावणारं ते पुस्तक मराठी माणसासाठी, मराठीतून लिहिलेलं होतं. पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या.

मांजर-कुत्र्यांचा पाऊस

वाक्प्रचारांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे माझं म्हणणं उलट आहे. फ्रेजल व्हर्ब शिकलीच पाहिजेत, वापरलीच पाहिजेत. इडियम समजले तर छान, वापरायची सक्ती कोणावर नको.

जगभरच्या याद्यांत पहिल्या पानावर मांजर-कुत्र्यांचा पाऊस पडतो. कामाच्या चार वर्षांत तो वाक्प्रचार माझ्यापुढे एकाही इंग्रज माणसाने वापरलेला नाही. वापरला तो यादी पाठ केलेल्यांनी. लिथुआनियन माणसाचा पाऊस बादलीतून ओतल्यासारखा पडतो, आपला मुसळधार. उशीर झाला तर तो म्हणतो 'जेवणानंतर चमचे', आपण म्हणतो 'वरातीमागून घोडं'. न बघता घेतलेला माल इंग्रजीत पोत्यातलं डुक्कर, त्यांच्याकडे पोत्यातलं मांजर. ज्याची चर्चा चालू तोच दारात आला तर इंग्रज सैतानाचं नाव घेतो, लिथुआनियन लांडग्याचं, आणि आपण 'शंभर वर्षं आयुष्य' देऊन मोकळे. 'डोक्यावर चढणे' मात्र दोघांकडे जसंच्या तसं. 'देवाने दात दिले, भाकरीही देईल' ही त्यांची म्हण 'ज्याने चोच दिली तो चाराही देईल'ची सख्खी बहीण आहे. 'द्येवस', 'दान्तिस' हे त्यातले शब्द ऐकले की कान टवकारतात.

हे सगळं मजेचं आहे, पण मीटिंगमध्ये त्याचा उपयोग काय? इंग्रजी मातृभाषा असलेलेही आपसांत फसतात. 'टेबल' हे क्रियापद ब्रिटनमध्ये 'चर्चेला घ्या' या अर्थाने येतं आणि अमेरिकेत 'चर्चा लांबणीवर टाका' या अर्थाने. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांचा यावरून लांबलचक वाद झाल्याचं चर्चिलने आपल्या युद्ध-इतिहासात नोंदवलं आहे. दोघांचं म्हणणं एकच होतं. आजही कॉलवर बेसबॉलची भाषा चालते. पुण्याला बेसबॉल माहीत नाही, व्हिल्नियसला तर क्रिकेटही नाही; त्यांचा धर्म बास्केटबॉल, तीन वेळा युरोपचे विजेते. आणि आपणही कमी नाही. 'मी २०१८ची पासआउट' असं आपली मुलगी सांगते तेव्हा लिथुआनियन सहकाऱ्याला ती चक्कर येऊन पडलेली दिसते.

ज्या खोलीत एकाचीही मातृभाषा इंग्रजी नाही, तिथे लंडन किंवा टेक्सासचा वाक्प्रचार न येणं ही उणीव कशी? साधं बोलण्याची जबाबदारी ज्याला जास्त इंग्रजी येतं त्याची आहे. नोकरी जाणार असेल तर 'नोकरी जाणार' म्हणा.

मग करायचं काय

मला दिसणारं पुस्तक पातळ आहे. एका बाजूला बारा उपसर्ग, दुसऱ्या बाजूला आठ अव्ययं. कुठे जुळतात ते उदाहरणांसह, कुठे फसवतात तेही प्रामाणिकपणे. 'अप'चं प्रकरण मोठं असेल, कारण तिथे एकास एक जुळत नाही: 'ईट अप'ला 'सु-वाल्गीती', पण 'ड्रिंक अप'ला 'इश-गेर्ती'. उपसर्ग निराळे, काम एकच: क्रिया शेवटाला नेणे. 'पुट अप विथ'सारखी काही शेवटी उरतील ज्यांना पूल नाही. ती खुशाल पाठ करा. पण ती शेवटी उरलेली असतील, पहिल्या पानापासूनची नाही. आणि हे पुस्तक लिथुआनियन शिक्षकानेच लिहायला हवं, लिथुआनियनमध्ये.

मराठी माणसासाठीचं पुस्तक याहून वेगळं होईल. आपल्याकडे असे जिवंत उपसर्ग नाहीत, पण आपल्याकडे 'लिहून घे', 'लिहून दे', 'लिहून काढ', 'लिहून ठेव', 'लिहून टाक' आहे, आणि पश्चात्तापाचं 'लिहून बसलो'ही आहे. यांतला 'टाक' काही फेकत नाही आणि 'बसलो' म्हणणारा उभाही असू शकतो. पाच वर्षांचं मूल हे सगळं बिनचूक वापरतं, त्याला कोणी यादी दिलेली नसते. ज्या भाषेत 'टाकणे' फेकणं सोडून 'संपवणे'चं काम करतं, त्या भाषेच्या माणसाने 'अप' वर जात नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. लिथुआनियनची वाट दिशेतून जाते, आपली या दुसऱ्या क्रियापदातून. वाट वेगळी म्हणून पुस्तक वेगळं.

ते लिहायला कोणीतरी बसावं. पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य मी देऊन टाकतो: 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक', वर बघायचं कारण नाही.